मित्राची वही

इराण देशाच्या उत्तर भागात कोकर नावाचे एक लहानसे खेडे आहे. अब्बास किआरोस्तमी या इराणी दिग्दर्शकाने १९८७ साली आपला 'मित्राचे घर कोठे आहे?' हा चित्रपट त्या परिसरात चित्रित केला. त्यात कामे करणारी मुले धंदेवाईक नट नव्हेत.

वर्गात गुरुजी गृहपाठ तपासत आहेत. नेमतजादे या मुलाने गृहपाठ केला आहे खरा, परंतु वहीत नव्हे, सुट्या कागदावर. गुरुजी तो कागद फाडून टाकतात आणि बजावतात, की पुन्हा असे घडल्यास शाळेतून नाव काढले जाईल. मुलगा हुंदके देऊ लागतो. शेजारी बसलेला अहमद हे सारे पाहत असतो. घरी येऊन तो दप्तर उघडतो, तो काय! आत एकसारख्या दोन वह्या. मित्राची वही चुकून त्याच्याकडे आलेली असते.

मित्र राहतो टेकडीपलीकडच्या पोश्ते गावी, आणि त्याचे घर अहमदला ठाऊक नाही. तो आईला परोपरीने विनवतो. आई म्हणते, आधी अभ्यास कर. आजोबा तर जवळ सिगारेटी असतानाही त्याला त्या आणावयास धाडतात. हेतू एवढाच, की मुलास आज्ञापालनाची सवय लागावी! ही माणसे दुष्ट नव्हेत. अहमदचे बोलणे त्यांना ऐकू येते, पण मनापर्यंत पोहोचत नाही. दिग्दर्शकाने त्यांचा उपहास केलेला नाही, हे विशेष.

टेकडीवर नागमोडी वाट आहे आणि माथ्यावर एकच झाड. त्या वाटेने अहमद धावत जातो, परत येतो, पुन्हा जातो. पोश्ते गावात नेमतजादे अनेक! एक वृद्ध सुतार त्याच्यासोबत निघतो. परंतु तो चालतो सावकाश, आणि आपण घडवलेली दारेखिडक्या दाखवत राहतो. लोक आता लोखंडी दारे बसवू लागले, ही त्याची खंत. इकडे अहमदचा जीव टांगणीला लागलेला! म्हातारा त्याला वहीत ठेवण्यास एक फूल देतो. अंधार पडतो, तरी घर सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी अहमद वर्गात उशिरा येतो आणि वही हळूच मित्रापुढे सरकवतो. रात्री जागून त्याने दोघांचाही गृहपाठ लिहिला आहे. नियमाने पाहता हे गैरच. तरी गुरुजी वही तपासू लागतात, तेव्हा प्रेक्षकाचा श्वास रोखला जातो. गुरुजी शाबासकी देतात. पानांत ते फूल तसेच असते.

पुढे १९९० च्या जून महिन्यात त्या प्रदेशात भयंकर भूकंप झाला. हजारो माणसे दगावली, गावेच्या गावे कोसळली. त्यानंतर किआरोस्तमी त्या मुलांचा शोध घेण्यासाठी तिकडे गेले, आणि त्या प्रवासावरून त्यांनी १९९२ साली दुसरा चित्रपट काढला. त्यात दिग्दर्शकाची मोटार चढ चढत राहते. मुले मात्र भेटत नाहीत. १९९४ सालच्या तिसऱ्या चित्रपटात ती दोघे दिसतात, अंगाने वाढलेली, सुखरूप.