नगरचें रणगाडा-संग्रहालय

द्वारकेच्या चौकांत उभें राहिलें असतां लष्करी मोटारी जातांना वारंवार दिसतात. देवळालीची छावणी व नाशिक-रोडचें तोफखान्याचें केंद्र जवळच असल्यामुळें शिपायाचा गणवेश आमच्या मुलांस अपरिचित नाहीं. परंतु ज्या यंत्रांत बसून तो लढतो तें यंत्र जवळून पाहण्याचा योग क्वचितच येतो. म्हणून गेल्या हिवाळ्यांत नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही पहाटे द्वारकेहून निघालों आणि सिन्नर, शिर्डी, राहुरी या मार्गानें दुपारच्या आंत अहिल्यानगरास पोहोंचलों. शहराचें नांव २०२४ सालीं बदललें असलें, तरी आमच्या तोंडीं अजून 'नगर'च बसलेलें आहे.

लष्करानें हें संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्यें उघडलें. देशोदेशींचे सुमारें पन्नास रणगाडे व चिलखती गाड्या येथें मांडलेल्या आहेत. एका मुलानें वहींत चार रकाने आंखून आणले होते: नांव, साल, वजन, तोफ. पुढील दोन तास तो फलकांवरील आंकडे उतरून घेण्यांत गढून गेला.

'टँक' या शब्दाची हकीकत मोठी गमतीची आहे. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें, सोमच्या रणभूमीवर, इंग्रजांनीं हीं यंत्रें प्रथम आणलीं. तीं तयार होत असतां गुप्तता राहावी म्हणून त्यांस पाण्याच्या टाक्या म्हणत. तेंच नांव कायमचें चिकटलें. इंग्रजींतील हा शब्द मुळांत गुजराती-मराठींतील 'टांकें' यावरून गेला असावा, असें कोशकार म्हणतात. तसें असेल तर आपलाच शब्द परदेशीं जाऊन, तोफ घेऊन परत आला म्हणावयाचा!

संग्रहालयाच्या इंग्रजी नांवांत 'कॅव्हलरी', म्हणजे घोडदळ, हा शब्द पाहून मुलांस नवल वाटलें. २३ सप्टेंबर १९१८ रोजीं हैफा शहर जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनीं मशीनगनींच्या माऱ्यांतून घोडे फेंकून जिंकलें. पुढें घोडे गेले व त्यांच्या जागीं रणगाडे आले, परंतु रिसाल्यांनीं जुनीं नांवें टाकलीं नाहींत. १८१७ सालीं उभारलेला 'पूना हॉर्स' हा रिसाला आज रणगाड्यांचा आहे, तरी नांवांत घोडा आहेच. या दोन युगांच्या मधली एक रोल्स-रॉइसची चिलखती मोटार येथें उभी आहे. ती पुष्कळांस रणगाड्यांहूनही आवडली.

पन्नास टनांचें धूड चिखलांत रुतत कसें नाहीं? शेतकरी दलदलींत फळी टाकून चालतो, तेंच येथें तत्त्व आहे. रणगाडा आपली फळी स्वतःच पुढें अंथरतो व मागून उचलून घेतो. तोच त्याचा साखळीसारखा पट्टा. भार रुंद जागेवर पसरला म्हणजे दाब कमी होतो, हें पदार्थविज्ञानाच्या तासाला मीं अनेकदां सांगितलें आहे. नगरास तें एका दृष्टिक्षेपांत समजलें.

जपानचा 'हा-गो' हा छोटा रणगाडा जेमतेम साडेसात टनांचा. त्याचें चिलखत जाड भागींही बारा मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीहूनही कमी. त्यांत तिघे बसत. उलट इंग्रजांच्या चर्चिल रणगाड्याच्या येथील नमुन्याचें चिलखत समोरून १५२ मिलिमीटर. त्यांत पांच जण बसत. त्या बारा मिलिमीटरांच्या आड बसणाऱ्यांस काय वाटत असेल, असें मीं विचारलें तेव्हां मुलें गप्प झालीं.

पुढें अमेरिकी बनावटीच्या पॅटन रणगाड्यापाशीं आलों. १९६५ सालीं पाकिस्ताननें असे रणगाडे आणले होते, आणि असल उत्तर येथें हवालदार अब्दुल हमीद यांनीं जीपवरील तोफेनें त्यांपैकीं कित्येक उडविले. "सर, शत्रूचा रणगाडा आपण इतका रंगवून कां ठेवला आहे?" असें आमच्या वहीवाल्यानें विचारलें. उत्तरादाखल मीं त्यास एक हकीकत सांगितली.

पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, वय एकवीस. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत त्यांचा सेंच्युरियन रणगाडा पेटला. तो सोडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला. तोफ अजून चालत आहे असें कळवून ते लढतच राहिले, व तेथेंच पडले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. त्यांचा 'फामागुस्ता' नांवाचा तो रणगाडा नगरच्याच चिलखती दलाच्या केंद्रांत जपून ठेवला आहे. पुढें २००१ सालीं त्यांचे वृद्ध वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेत्रपाल, आपलें जन्मस्थान सरगोधा पाहण्यास पाकिस्तानांत गेले. लाहोरास ब्रिगेडियर नासेर यांनीं त्यांचा मोठ्या आदरानें पाहुणचार केला. आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं सांगितलें कीं, तुमचा मुलगा माझ्याच हातून मारला गेला. त्याच्या शौर्याची थोरवीही त्यांनींच त्या पित्यास सांगितली.

"त्या सेंच्युरियनमध्यें किती जण होते?" मुलानें विचारलें. चौघे, मीं सांगितलें. त्यांपैकीं आणखी एक जण त्या दिवशीं गेला.

परततांना राहुरीपाशीं चहासाठीं थांबलों तेव्हां त्याची वही पाहिली. त्यानें पांचवा रकाना आंखला होता: 'आंत माणसें'. पुष्कळशा घरांत आंकडा नव्हता. ते भरण्यासाठीं त्याला पुन्हां नगरास जावयाचें आहे.