पडद्यावर मोठे घर, जोत्यावर लहान का?

आपल्या वस्त्यांतील कित्येक मुले-मुली आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिलचे शिक्षण घेऊन बाहेर पडत आहेत. शेजारी कुणी घर बांधायला काढले की पहिला निरोप त्यांनाच जातो. "बाळा, आमचाही नकाशा काढून दे." संगणकावर रंगीत भिंती, खाट, कपाट, मुलीचे अभ्यासाचे टेबल दिसले की घरातली माणसे हरखून जातात. पण गवंडी चुना टाकून आखणी करतो त्या दिवशी घर एकाएकी लहान होते. खाट बसली तर दार उघडत नाही. मग नकाशा काढणाऱ्या पोरीला बोल लागतो आणि कर्ज काढून आणलेली वीट मोडून पुन्हा रचावी लागते. दोष बहुतेक वेळा हिशेबाचा नसतो, तर संगणकातल्या प्रणालीच्या एखाद्या सवयीचा असतो. ती सवय ओळखली पाहिजे.

घराचा नकाशा काढण्यासाठी 'स्वीट होम थ्रीडी' ही प्रणाली फुकट मिळते आणि शिकायला सोपी आहे. तिच्यात नवी भिंत काढली की तिची जाडी आपोआप साडेसात सेंटिमीटर, म्हणजे अवघी तीन इंच धरली जाते. आपली बाहेरची वीटभिंत असते नऊ इंची. हा फरक किती पडतो पाहा. बाहेरून बाहेर १६ बाय २० फूट घर घ्या. तीन इंची भिंतीत आतली जागा साडेपंधरा बाय साडेएकोणीस, म्हणजे ३०२ चौरस फूट दिसते. नऊ इंची भिंतीत ती साडेचौदा बाय साडेअठरा, म्हणजे २६८ चौरस फूट उरते. चौतीस चौरस फूट गेले! त्यात मोरी आणि संडास दोन्ही बसतात. रमाई आवास योजनेमुळे २६९ चौरस फुटांचा आकडा आपल्याकडे तोंडपाठ आहे. तेवढ्या घरात चौतीस फुटांची चूक म्हणजे काय, ते गृहिणीला सांगायला नको. मधल्या आडभिंतीची जागा आणि गिलावा याहून वेगळा जातो.

उपाय सोपा आहे. काम सुरू करण्याआधीच प्रणालीच्या पसंतीच्या पानावर जाऊन माप फूट-इंचात करावे आणि नव्या भिंतीची जाडी नऊ इंच लिहावी. आडभिंत साडेचार इंची असेल तर ती मागाहून वेगळी बदलावी. नकाशा आधीच काढून झाला असेल तर सगळ्या भिंती एकदम निवडून जाडी बदलता येते. मात्र खोलीचा जुना आकडा त्याबरोबर बदलत नाही. खोली पुसून भिंतींच्या आत पुन्हा दोनदा टिचकी मारावी. टिचकी मारूनही खोली भरत नसेल तर कोपऱ्यात कुठेतरी दोन भिंती जुळलेल्या नाहीत असे समजावे. आणखी एक गोष्ट. माउसने ओढलेली रेघ भिंतीच्या मधोमध असते. बाहेरून १६ फूट हवे असतील तर रेघ १५ फूट ३ इंचच ओढायची.

जागा वाकडी असली तर? जुन्या वस्त्यांतले भूखंड काटकोनात क्वचितच असतात, आणि ही प्रणाली भिंतीला पंधरा-पंधरा अंशांच्या कोनांकडे ओढते. ही ओढ पसंतीच्या पानावर बंद करता येते. आम्हाला मात्र दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. चारही बाजू आणि एक कर्ण टेपने मोजावा. कागदावर कंपासने दोन त्रिकोण काढून जागेचा खरा आकार उतरवावा. त्या कागदाचे सरळ वरून छायाचित्र घेऊन ते नकाशाखाली पार्श्वभूमी म्हणून टाकावे, एका बाजूची लांबी प्रणालीला सांगावी आणि वरून भिंती गिरवाव्यात. दुसरा कर्ण पडताळ्यासाठी ठेवावा. १६ बाय २० ची जागा खरोखर काटकोनात असेल तर कर्ण २५ फूट ७ इंचांच्या जरासा वर भरतो.

जुन्या संगणकावर त्रिमिती चित्राची खिडकी काळी पडते. तेव्हा घाबरू नये. बहुधा चित्राचा ड्रायव्हर जुना असतो. सपाट नकाशा तरीही काढता येतो, आणि गवंड्याला तोच लागतो.

ज्यांच्या हाती १९८२ साली आलेले, आजही कचेऱ्यांत चालणारे ऑटोकॅड आहे, त्यांची अडचण निराळी. फूट-इंचाच्या मापात १६ लिहून फुटाची खूण विसरली की प्रणाली सोळा इंच धरते. सगळे घर असेच निघाले असेल तर पुसू नये, 'स्केल' आज्ञेने बारा पट करावे. गोल खांब कोनाकोनांचा दिसला तर 'रीजन' करावे. नकाशा बिघडलेला नसतो, केवळ दाखवणे बिघडलेले असते. रेघा पडद्यावर दिसतात पण छापल्या जात नाहीत, तेव्हा त्या 'डेफपॉइंट्स' नावाच्या थरावर गेल्या आहेत का ते पाहावे. वीज गेली आणि फाईल उघडेना, तर 'रिकव्हर' करून पाहावे. तेही जमले नाही तर शेजारी त्याच नावाची बीएके शेपटीची प्रत असते. तिची शेपटी बदलून डीडब्ल्यूजी केली की आधीच्या वेळी जतन केलेले काम बहुधा हाती लागते.

मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात हा तर सर्वांचा अनुभव. युनिकोड अक्षर वापरावे आणि छापखान्यात मूळ फाईल न नेता पीडीएफ न्यावी.

छापतानाच शेवटचा घात होतो. दुकानदार 'पानात बसवा' या खुणेवर छापतो आणि माप बिघडते. एकास पन्नास प्रमाणात १० फुटांची भिंत कागदावर ६१ मिलिमीटर भरली पाहिजे. २० बाय ३० चा भूखंडही या प्रमाणात ए-फोर कागदावर मावतो. दुकानातच पट्टी लावून पाहावे, भरली नाही तर 'मूळ आकारात छापा' म्हणावे. नकाशावर प्रत्येक भिंतीचे माप आकड्यांत लिहिलेले असावे आणि गवंड्याने आकडाच वाचावा. पाया, सळई आणि स्लॅब यांचे उत्तर या प्रणालींकडे मागू नये. त्यासाठी अभियंत्याची सही घ्यावी, आणि ती चुना टाकण्याआधी घ्यावी.