तीन वर्षांची डिग्री, पण कोणाच्या घड्याळाने?

दिल्लीत मंडी हाउसच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलात की कोपर्निकस मार्ग लागतो. कमानी ऑडिटोरियम, दूरदर्शन भवन आणि आपलं जुनं महाराष्ट्र सदन, सगळं याच रस्त्यावर. सदनात कामासाठी आलेले मराठी पालक भेटले की गप्पा गावावरून सुरू होतात आणि पाच मिनिटांत मुलांवर येतात. ‘‘मुलगी काय करते?’’ ‘‘शिकतेय.’’ ‘‘अजून?’’

हा ‘अजून’ तुम्हीही ऐकला असेल. लग्नात, हळदीकुंकवात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना. ज्या घरात कोणाचा विषय राहिलेला असतो किंवा कोणी मध्येच कॉलेज सोडलेलं असतं, त्या घराला तो बरोबर टोचतो.

आता गंमत बघा. ज्याच्या नावाचा हा रस्ता आहे, त्या निकोलस कोपर्निकसला आजच्या भाषेत ‘अजून शिकतोय’ असंच म्हणावं लागलं असतं. १४९१ मध्ये, अठराव्या वर्षी त्याने पोलंडच्या क्राकूव विद्यापीठात नाव घातलं. चारेक वर्षांनी तिथून बाहेर पडला तो डिग्री न घेताच. मग १४९६ मध्ये इटलीत बोलोन्याला चर्चचा कायदा शिकायला गेला. शिकता शिकता आकाश बघायचा नाद लागला. १५०१ मध्ये घरी परतला आणि ज्या चर्चच्या नोकरीवर त्याचं पोट होतं तिथून रजा वाढवून घेऊन पुन्हा इटलीत, या वेळी पादुआला वैद्यक शिकायला. शेवटी १५०३ मध्ये डिग्री मिळाली, तीही चौथ्याच विद्यापीठाची, फेराराची आणि कायद्याची. पहिल्या प्रवेशापासून बारा वर्षं! वडील लहानपणीच गेलेले, पाठीशी उभे राहिले ते मामा. ते बिशप होते म्हणून जमलं, हेही खरं. सगळ्यांना असा मामा मिळत नाही.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारा त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये आला. त्याला ‘ग्रॅज्युएट कधी झालास?’ असं आज कोणी विचारत नाही.

वर्षं नेमकी जातात कुठे?

‘अभ्यास केला नाही’ हे उत्तर आपल्या तोंडावर तयारच असतं. काही वेळा ते खरंही असतं, उगाच पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण तुमच्याच ओळखीतली चार उदाहरणं आठवा. कोणाच्या वडिलांचं आजारपण निघालं आणि मुलाने दुकान सांभाळलं. कोणाचं दुसऱ्या वर्षाला असताना लग्न ठरलं, ‘शिकू देऊ’ असं सासरी कबूल केलं आणि मग पहिलं बाळंतपण परीक्षेच्याच महिन्यात आलं. कोणाची फी भरायची राहिली. कोणी सायन्सला गेला कारण मार्क चांगले होते, आणि दोन वर्षांनी कळलं की आपल्याला हे नको होतं.

कधी कधी उशीर विद्यार्थ्याचा नसतोच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कम्प्यूटरवर तपासायला घेतल्या आणि निकाल इतके रखडले की पुढच्या प्रवेशांची गणितं कोलमडली, कुलगुरूंना पद सोडावं लागलं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी यांच्यात ओढाताण झाली. २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने परीक्षेशिवाय डिग्री नाही असं सांगितलं, तोवर कॅलेंडरवरचे कितीतरी महिने निघून गेले होते.

माझाही एक पेपर त्याच गोंधळात राहिला. बीएची मार्कशीट हातात यायला दीड वर्ष जास्त लागलं. त्या दीड वर्षात आई नातेवाइकांना एकच वाक्य सांगायची, ‘‘रिझल्ट यायचाय.’’ ती खोटं बोलत नव्हती, पण तिला ते सांगावं लागत होतं, याचं मला जास्त वाईट वाटायचं.

आपल्याकडे यासाठी एक खास शब्द आहे, एटीकेटी. राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात बसायची मुभा. मुळात ही सवलत आहे. पण ‘एटीकेटी लागली’ असं आपण ताप लागल्यासारखं म्हणतो. खरी अडचण वेगळीच असते. बऱ्याच अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. त्यामुळे राहिलेला एक विषय घरच्यांपासून लपवला तर दोन वर्षांनी तो अख्खं वर्ष खातो. मुलांनो, सांगून टाका. आणि पालकांनो, सांगितल्यावर पहिली दहा मिनिटं तरी ओरडू नका.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचाही नाही. अमेरिकेत चार वर्षांच्या डिग्रीचा सरकारी हिशोबच सहा वर्षांनी मांडतात. तिथे २०१४ मध्ये पहिल्यांदा आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्यांपैकी सहा वर्षांत त्याच कॉलेजातून डिग्री मिळाली ती सुमारे ६४ टक्क्यांना.

बाबासाहेबांची अर्धी राहिलेली डिग्री

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या डिग्र्यांची यादी आपल्याला पाठ असते. त्या यादीतल्या तारखा मात्र आपण वाचत नाही.

१९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. १९१५ मध्ये एमए. इथवर सगळं वेगात. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही. आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्ध्यात टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवलेली होती, ते जहाज बुडालं. पुस्तकं गेली.

बडोद्याला नोकरीसाठी गेले तर जातीमुळे राहायला जागा मिळेना. मुंबईला परत आले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. आता विचार करा, घरात बायको, मूल, हातात प्राध्यापकाची नोकरी. ‘आता पुरे, स्थिर व्हा’ असं सांगणारे किती भेटले असतील! त्यांनी पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. लंडनच्या विद्यापीठाने परत येण्याची मुभा आधीच दिलेली होती. ती दिली नसती तर?

१९२१ मध्ये एमएस्सी झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध १९२२ मध्ये सादर केला, तर परीक्षकांनी फेरफार करायला सांगितले. तोवर पैसे संपत आलेले. भारतात येऊन त्यांनी तो सुधारला, पुन्हा पाठवला आणि १९२३ च्या अखेरीस डीएस्सी मिळाली. प्रवेशापासून सात वर्षं. कोलंबियाच्या पीएचडीचं तर आणखी लांबलं. त्या प्रबंधाचं मूळ काम १९१६ मधलं, तो पुस्तक म्हणून छापला गेला १९२५ मध्ये आणि डिग्री मिळाली १९२७ मध्ये. म्हणजे अकरा वर्षांनी.

पैसा संपला, नोकरी करावी लागली, प्रबंध परत आला. आज आपल्या घरात डिग्री लांबते त्याची कारणं साधारण हीच असतात. लोकमान्य टिळकांनी तर डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष चक्क व्यायामाला दिलं आणि अभ्यासाचं ते वर्ष गेलं. तब्येत मात्र कमावली. (हे उदाहरण घरी वापरायचं असेल तर आधी व्यायाम सुरू करा.)

नियम आता काय म्हणतात?

बाबासाहेबांना जी मुभा विद्यापीठाच्या मर्जीवर मिळाली, तशी काहीशी सोय आता नियमातच आली आहे. कोपर्निकस मार्गापासून रिक्षाने थोड्याच अंतरावर, बहादूरशाह जफर मार्गावर यूजीसीचं ऑफिस आहे. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने जो आराखडा आणला त्यात एक वर्षानंतर थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर डिग्री आणि चार वर्षं केली तर ऑनर्स अशी रचना आहे. मध्ये थांबणाऱ्याला सर्टिफिकेट किंवा डिप्लोमासाठी उन्हाळ्यात एक छोटा व्यावसायिक कोर्सही करावा लागतो. थांबलेल्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या आत परत यावं आणि एकूण सात वर्षांच्या आत डिग्री पूर्ण करावी, अशी मर्यादा आहे.

मिळवलेले क्रेडिट ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. बँकेच्या पासबुकासारखंच समजा, फक्त व्याज मिळत नाही. खातं डिजिलॉकरवरून उघडता येतं. त्यामुळे ज्या मुलीचं लग्न होऊन शहर बदललं तिची दोन वर्षं कागदोपत्री तरी शिल्लक राहतात. ‘कागदोपत्री’ असं मुद्दाम म्हणतेय, कारण नव्या कॉलेजात जागा आहे का, विषय जुळतात का हे प्रश्न उरतातच. प्रवेश घेण्याआधी दोन्ही कॉलेजांच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारा. तोंडी ‘होऊन जाईल मॅडम’वर विसंबू नका.

२०२४ च्या अखेरीस यूजीसीने आणखी एक वाट काढली. हुशार किंवा घाईत असलेल्यांना तीन वर्षांची डिग्री पाच सत्रांत संपवता येईल आणि ज्यांना झेपत नाही त्यांना जास्तीत जास्त दोन सत्रं वाढवून घेता येतील. क्रेडिट तेवढेच, डिग्रीही तीच. तुमच्या कॉलेजात ही सोय सुरू झाली आहे का, हे मात्र विचारूनच घ्यावं लागेल. मला विचाराल तर लवकर संपवण्यापेक्षा वेळ वाढवून मिळण्याची सोय जास्त घरांच्या उपयोगी पडेल. फक्त ‘वाढीव’ला बसलेल्या मुलाकडे बघण्याची आपली नजर बदलायला हवी, नाहीतर तो अर्जच करणार नाही.

उशिराचा खर्च असतो, तोही आधीच मोजा. हॉस्टेलची जागा आणि शिष्यवृत्ती साधारणपणे नियमित वर्षांशी बांधलेली असते. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला कळवा, बहुतेक सरकारी बँकांच्या योजनेत कोर्स लांबल्यास दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते. पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

आणि ज्यांचं वीस वर्षांपूर्वी राहिलं त्यांचं काय? २०२२ मध्ये दिल्ली विद्यापीठाला शंभर वर्षं झाली तेव्हा शेवटच्या वर्षाला अडकलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेले पेपर देण्याची खास संधी मिळाली होती. अशी संधी दर वर्षी येत नाही. पण मुक्त विद्यापीठं आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिकवतं. दिल्लीच्या इग्नूमध्ये बीएला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, म्हणजे मुलाची दहावी, सासूबाईंचं ऑपरेशन आणि दिवाळी हे सगळं धरूनही परीक्षा देता येते.

तुमच्या आईची, काकूची किंवा वहिनीची जुनी मार्कशीट कपाटात साडीच्या घडीखाली असेल तर काढून बघा, कोणतं वर्ष पास झालंय ते. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलैच्या सत्रासाठी. फॉर्म ऑनलाइन असतो. तिला ओटीपी कुठे टाकायचा तेवढं दाखवा, बाकीचं ती करेल.