तीन मीटरनं हुकलं!

प्रकाश सेकंदाला 29,97,92,458 मीटर पळतो. त्याच्याशी शर्यत लावून बसलाय जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला प्रोटॉन. 27 किलोमीटर घेराच्या कड्यात हा पठ्ठ्या सेकंदाला 11 हजारांवर फेऱ्या मारतो आणि तरी हरतो, सेकंदामागे अवघ्या तीन मीटरनं!

मग द्या की आणखी रेटा! दिलाच आहे. कड्यात शिरतो तेव्हा प्रोटॉन प्रकाशाच्या सेकंदाला सुमारे साडेसहाशे मीटर मागे असतो. तिथून त्याची ऊर्जा जवळपास पंधरापट वाढवतात. एवढ्या खटाटोपानंतर ते साडेसहाशेच काय ते भरून निघतात, आणि शेवटचे तीन उरतातच. (वेग वाढला की वस्तुमान वाढतं, असं पूर्वी शिकवायचे. हल्ली भौतिकशास्त्रज्ञ त्यावर नाक मुरडतात. ऊर्जा वाढते म्हणा, म्हणतात.)

म्यूऑन नावाच्या कणाची तऱ्हा आणखी न्यारी. याचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या जवळपास वेगानं पळूनही तेवढ्यात साधारण 660 मीटर कापून त्यानं राम म्हणायला हवा. पण 10-15 किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्यूऑन धडधाकट जमिनीवर पोहोचतात. तळहात आडवा धरा, सेकंदाला एखादा तरी आरपार जातोच. आपण म्हणतो, त्याचं घड्याळ मंदावलं. त्याचं म्हणणं, माझं घड्याळ ठीक आहे, तुमचं वातावरणच आक्रसलंय. गंमत म्हणजे दोघंही बरोबर! 1977 साली सर्नमध्ये प्रकाशाच्या 99.94 टक्के वेगानं म्यूऑन फिरवले, तर ते 29 पट जगले.

15 ऑक्टोबर 1991ला अमेरिकेतल्या युटावर अंतराळातून प्रकाशाला अगदी खेटून पळणारा एक कण आदळला. एकट्या कणाची ऊर्जा फिरकी गोलंदाजाच्या अख्ख्या चेंडूएवढी!

प्रकाशाला मागे टाकता येतं का? पाण्यात येतं. तिथे तो सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो आणि चपळ इलेक्ट्रॉन पुढे सटकतात. तेव्हा निळी आभा पसरते. ट्रॉम्बेच्या 'अप्सरा' अणुभट्टीच्या तलावात ती दिसायची.

आणि सोनं? त्याच्या अणूत केंद्रालगतचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगानं फिरतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या कक्षांमधली ऊर्जेची अंतरं बदलतात, सोनं निळा प्रकाश गिळतं आणि पिवळं झळकतं. पारा पातळ राहतो, त्यामागेही हीच करामत. ती नसती, तर सराफाच्या पेटीत मंगळसूत्राच्या वाट्या आणि जोडवी जवळपास एकाच रंगाची दिसली असती!