स्लाइडवरचा हायड्रा आणि तळ्यातला

हायड्रा म्हटलं की प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आठवते ती काचपट्टी. गुलाबी रंगवलेला, चपटा झालेला, कधीच मेलेला जलव्याल. परीक्षेत स्पॉटिंगला तोच येतो आणि वहीत आकृतीही त्याचीच निघते. मी हा विषय शिकवते, आणि हायड्रा जिवंत पाहिल्याशिवाय त्याचा संघ कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

नागपुरात तो शोधायचा तर डिसेंबर-जानेवारीत. त्याला 20 अंशांच्या आसपासचं, निवळ पाणी मानवतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेल्यावर उथळ तळ्यांत त्याचा निभाव लागणं अवघड. सांडपाणी मिसळलेल्या तलावात शोधण्यात अर्थ नाही. शहराबाहेरच्या एका लहान तळ्यातून आम्ही हायड्रिला या पाणवनस्पतीचे झुबके तिथल्याच पाण्यासकट आणतो आणि काचेच्या बरणीत घालून खिडकीपाशी ठेवतो. धक्का बसला की हायड्रा अंग चोरतो, मोहरीहूनही लहान ठिपका होऊन बसतो. बरणी रात्रभर हलवायची नाही. सकाळी उजेडाकडच्या काचेवर जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे, तपकिरी, बारीक जीव लोंबताना दिसतात. नळाचं पाणी मात्र तसंच ओतू नये, क्लोरिनने ते मरतात.

खाऊ घालण्यासाठी मच्छीघरांच्या दुकानातून आर्टिमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाची अंडी आणायची, मिठाच्या पाण्यात उबवायची आणि पिल्लं गोड्या पाण्याने नीट धुऊन घ्यायची. उपाशी ठेवलेला हायड्रा वॉच ग्लासमध्ये घेऊन भिंगाखाली धरावा आणि ड्रॉपरने एकच पिल्लू सोडावं. ते वळवळत येतं, हायड्राच्या तोंडाभोवतीच्या एका शुंडकाला घासतं आणि जागीच लुळं पडतं. घडलं काय, ते डोळ्यांना दिसत नाही, कारण दंशपेशीतली कुपी फुटून काटा बाहेर पडायला सेकंदाचा दहालाखावा भागही लागत नाही. दिसतं ते पुढचं. जखमेतून ग्लुटाथायोन हे द्रव्य पाण्यात झिरपतं, त्याची चाहूल लागून बाकीची शुंडकं मुरडू लागतात आणि भक्ष्य तोंडाकडे ओढलं जातं. तोंड मिटलेलं असतं तेव्हा तिथे छिद्रच नसतं, पेशींचा सलग पडदा असतो. खायच्या वेळी तो फाटतो आणि नंतर पुन्हा सांधला जातो. आत गेलेल्या पिल्लाचा नारिंगी रंग पातळ भिंतीतून लख्ख दिसतो. न पचलेलं त्याच तोंडातून बाहेर टाकलं जातं, दुसरी वाट नाहीच.

हे एकदा पाहिलं की नातेवाईक आपोआप ओळखू येतात. पावसाळ्यात जुहूला वाहून येणाऱ्या निळ्या फायसेलियाचा डंख याच जातीच्या पेशींचा. लोक त्याला जेलीफिश म्हणतात, पण तो हायड्राच्याच वर्गातला, आणि एक प्राणी नसून अनेकांची वसाहत आहे. मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ म्हणजे स्वतःभोवती चुन्याचा सांगाडा रचणारे, बुडाशी चिकटलेले पॉलिप. जेलीफिश ही तरंगती अवस्था, मेड्युसा. ओबेलिया या आणखी एका नातेवाइकाच्या आयुष्यात पॉलिप आणि मेड्युसा या दोन्ही अवस्था येतात. हायड्राने मेड्युसा सोडूनच दिली.

मेड्युसा फक्त समुद्रातच असते असंही नाही. कोयना आणि वेण्णा नद्यांच्या पाण्यात गोड्या पाण्यातली मेड्युसा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सापडली. ती शोधणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर मूळचे मालवणचे, आणि पुढे नावाजले ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. पुण्यात त्यांच्या नावाने असलेल्या संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हायड्रावरच वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या वाणाला ‘इंड-पुणे’ असं नाव आहे. हा योगायोग मला फार आवडतो.

कापण्याचा प्रयोग आम्ही शेवटी करतो. अब्राहम ट्रेम्ब्ले यांनी 1740 मध्ये हॉलंडमध्ये तो केला, तेव्हा हा प्राणी की वनस्पती हेच त्यांना ठरवायचं होतं. कोऱ्या ब्लेडने मधोमध आडवा छेद द्यायचा. दोन्ही तुकडे आकसतात, काही तासांत जखम मिटते. वरच्या भागाला नवी बैठक फुटते, खालच्याला दोनतीन दिवसांत शुंडकांचे उंचवटे येतात. उंचवटे कायम वरच्याच टोकाला येतात, खाली कधीच नाही. वर कुठलं आणि खाली कुठलं, हे उरलेल्या पेशींना कसं कळतं? मुलं हा प्रश्न आपणहून विचारतात, आणि घासकडबींसारख्यांच्या प्रयोगशाळांतून यावरच काम होत आलं आहे. त्याची सुरुवात करायला महाविद्यालयाला लागते ती एक बरणी, एक भिंग, ब्लेड आणि हिवाळ्यातली एक सकाळ.