रांग सोडून गेलेलं हरिकेन

गाय हॅमिल्टनच्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ (१९६९) या चित्रपटातला पोलिश वैमानिकांचा प्रसंग मी थांबवून थांबवून पाहतो. सरावाला निघालेली विमानं, पलीकडे दिसलेले जर्मन बॉम्बर. ब्रिटिश अधिकारी रेडिओवरून बजावतो, रांग सोडू नका. आणि पोलिश पोरं आज्ञा कळलीच नाही असं भासवत एकेक करून सूर मारतात. प्रसंग रंगतो, पण पोरांच्या हूडपणाखाली त्यांचं कसब झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

घडलं ते असं. ३० ऑगस्ट १९४० रोजी नॉर्थोल्ट तळावरची पोलिश वैमानिकांची ३०३ स्क्वाड्रन सरावाच्या उड्डाणावर होती. तिच्यातल्या लुडविक पाश्केविचला शत्रूची विमानं दिसली. त्यानं रेडिओवर कळवलं, प्रतिसाद आला नाही, तेव्हा तो एकटाच पुढं गेला आणि एक जर्मन विमान पाडून आला. बाकीचे जागा सोडून हलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रन लढाईत उतरली. सप्टेंबर संपायच्या आत पाश्केविच मारला गेला.

खरं नाट्य कॉकपिटमध्ये आहे. पोलंडमध्ये इंजिनाचा जोर वाढवायला थ्रॉटल मागं ओढायचा, ब्रिटनमध्ये पुढं ढकलायचा. तिकडच्या पी-११ विमानाची चाकं कायम खालीच; ब्रिटिश हरिकेन विमानाची उतरताना आठवणीनं बाहेर काढावी लागत. वेग मैलांत, उंची फुटांत, आज्ञा इंग्रजीत. हातात मुरलेली सवय उलटी करायची, आणि तीही जिवाशी गाठ असताना! डोळे मात्र तयार होते. मायदेशी रडारची साथ नव्हती, त्यामुळं आकाश स्वतःच पिंजून काढायची शिकवण अंगात भिनलेली. शिवाय १९३९ मध्ये पोलंडच्या आणि १९४० मध्ये फ्रान्सच्या आकाशात यातले कितीतरी जण लढून आले होते. गोळी झाडायची ती शत्रू अगदी टप्प्यात आल्यावर, ब्रिटिशांच्या नेहमीच्या अंतरापेक्षा बरंच जवळून. ब्रिटनवरच्या त्या हवाई लढाईत ३०३ च्या नावावर १२६ विमानं नोंदली गेली. पुढच्या संशोधनानं हा आकडा खाली आणला, तरी ती अव्वल स्क्वाड्रनांतच राहते.

हॅमिल्टनच्या चित्रपटातल्या हवाई चित्रणाला मात्र मी मनापासून दाद देतो. उडू शकणारी हरिकेन अवघी तीन मिळाली होती. जर्मन विमानं म्हणून आणलेली स्पॅनिश हवाई दलाची. त्यांना इंजिनं ब्रिटिश मर्लिन. कॅमेरे बी-२५ बॉम्बरमध्ये बसवले होते. विमान वळतं तेव्हा क्षितिज खरोखर कलतं.

डेव्हिड ब्लेअरचा ‘हरिकेन’ (२०१८) तंत्रात एवढा भारी नाही; पण तो ३०३ मधला यान झुंबाख आणि त्याच्या सोबत्यांवरून नजर हलवत नाही, म्हणून मला जवळचा वाटतो. पडद्याबाहेरची पुढची हकीकत कडू आहे. जून १९४६ च्या लंडनमधल्या विजय-संचलनाचं बोलावणं मोजक्या पोलिश वैमानिकांना आलं. आपल्या बाकीच्या सैन्याला वगळलंय म्हटल्यावर त्यांनी ते नाकारलं. सोव्हिएत पकडीतल्या पोलंडला परतायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्यासारखाच कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतल्या पोलिश निर्वासित बायामुलांपुढंही होता. छावणी १९४८ मध्ये उठली, आणि तिथले बरेच जण ब्रिटनमध्ये आपल्या सैनिक नातलगांकडे गेले.