माणसाच्या घडणीचे यंत्र

मार्च २०११ मध्ये जपानात भूकंप झाला आणि समुद्राच्या प्रचंड लाटांनी फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्र निकामी केले. आतील झडपा उघडण्यासाठी कामगार अंधारात शिरले. परंतु घातक किरणोत्सर्गामुळे एका तुकडीला वाटेतूनच परतावे लागले. अशा ठिकाणी माणसाऐवजी यंत्र गेले तर?

मुलांनो, दारे, जिने, हत्यारे ही सारी माणसाच्या हातापायांच्या मापाने घडविलेली असतात. म्हणून यंत्रही माणसाच्या घडणीचे असल्यास ते एकटे नाना कामे करू शकेल, असा विचार शास्त्रज्ञांनी केला.

२०१५ साली अमेरिकेत पोमोना येथे यंत्रमानवांची स्पर्धा झाली. दार उघडणे, झडप फिरविणे, जिना चढणे अशी आठ कामे तासाभरात करावयाची होती. कित्येक यंत्रे कोलमडली. दोन पायांवर तोल सांभाळणे आपणांस सोपे वाटते; यंत्राला मात्र त्यासाठी क्षणोक्षणी हिशेब करावा लागतो. दक्षिण कोरियाच्या ‘ह्यूबो’ने सपाट जागी गुडघे टेकून चाकांवर सरकण्याची युक्ती योजिली आणि पाऊण तासाच्या आत आठही कामे उरकून पहिला क्रमांक पटकाविला.

आज असे यंत्रमानव कारखान्यांत ओझी उचलण्यास शिकत आहेत. जेथे जाणे माणसाच्या जिवावर बेतते, तेथे निर्धास्तपणे धाडता येईल असा मदतनीस लाभणे, यातच या खटाटोपाचे खरे मोल आहे.